एसक्यूएल सर्व्हर ठेवायचा का पोस्टग्रेसवर जायचं? सांगलीकडच्या धंद्यांसाठी सगळा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात जावा, कुपवाड एमआयडीसीत जावा नाहीतर तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर जावा, ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पोटात डेटाबेसचे, म्हंजे सगळा हिशेब साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, साधारण तीनच प्रकार सापडतात. कुठंतरी अजून फॉक्सप्रो चालू असतंय. बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची फुकटातली एक्सप्रेस आवृत्ती असते, जी दहा-बारा वर्षांमागं सॉफ्टवेअरवाल्यानं टाकून दिली आणि नंतर कुणी हात लावला नाही. आणि साखर कारखाना किंवा मोठी बँक असेल तर ओरॅकल. मग एक दिवस ऐन सौद्याच्या टायमाला दिवाणजीच्या स्क्रीनवर मेसेज येतो की डेटाबेसची साईज १०२४० एमबीच्या लायसन्स लिमिटच्या वर जातीय, आणि पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) सेव्ह होत नाही. तिथनं शेठच्या डोक्यात प्रश्न सुरू होतो, आता विकतचं घ्यायचं का ते पोस्टग्रेससारखं फुकटातलं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) म्हणतात त्यावर जायचं.

हा प्रश्न असा विचारला की उत्तर चुकीचंच येतं, कारण लायसन्सची किंमत हा या सगळ्यातला एक भाग झाला. डेटा हलवायला किती काम पडणार, हलवल्यावर सांभाळणार कोण, आणि उद्या परत बाहेर पडायचं झालं तर सुटका होणार का, हे तीन भाग जास्त वजनदार आहेत. म्हणून क्रमाने बघू.

आधी तुमच्याकडं काय आहे त्याची यादी

हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. कागद घ्या आणि लिहा: डेटाबेस कुठला, आवृत्ती कुठली, साईज किती, टेबलं किती. आवृत्ती महत्त्वाची, कारण मायक्रोसॉफ्ट प्रत्येक आवृत्तीला ठराविक वर्षंच सुरक्षेचे अपडेट देतं. २०१२ च्या एसक्यूएल सर्व्हरचे अपडेट जुलै २०२२ ला बंद झाले, २०१४ चे जुलै २०२४ ला, आणि २०१६ ची शेवटची तारीख १४ जुलै २०२६. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट तर जानेवारी २०१५ लाच संपला, आणि त्यात एक टेबल २ जीबीच्या वर जात नाही हे वेगळंच. ओपन सोर्सवाल्यांनी पण हसू नये, मायएसक्यूएल या दुसऱ्या फुकटातल्या डेटाबेसचं ५.७ ऑक्टोबर २०२३ ला संपलं, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, आणि पोस्टग्रेसची कुठलीही मोठी आवृत्ती पाच वर्षंच सांभाळली जाते. म्हंजे कुठंही गेलात तरी दर पाच-दहा वर्षांनी अपग्रेडचं काम आहेच.

मग यादीत दुसरा भाग, जो लोक विसरतात: या डेटाबेसला बाहेरनं कोण कोण चिकटलंय. वजनकाट्याचा कॉम्प्युटर थेट टेबलात वजन लिहितो का? शेतकऱ्याला पट्टीचा एसएमएस कुठनं जातो? सीए साहेबांच्या ऑफिसात एक एक्सेल असते जी रिफ्रेश केली की आकडे खेचते, ती कशाला जोडलीय? क्रिस्टल रिपोर्ट (रिपोर्ट छापायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले) किती आहेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेटाबेसच्या आत स्टोअर्ड प्रोसिजर आणि ट्रिगर, म्हंजे आतच साठवलेले छोटे प्रोग्रॅम, किती लिहिलेत. टेबलं कितीही असू देत, ती एका दिवसात जातात. प्रोसिजर जात नाहीत, त्या माणसानं बसून परत लिहायला लागतात. वीस-पंचवीस छोट्या असतील तर काम आटोक्यातलं. तीनशे असतील आणि त्यात व्याजाचा, सेसचा, हमालीचा सगळा हिशेब असेल तर तुमचं सॉफ्टवेअरच तिथं राहतंय असं समजा, आणि लिहिणारा माणूस आता फोन उचलतो का ते आधी बघा.

दहा जीबी भरलं म्हणून लगेच हलायचं नसतं

साईज कशानं वाढलीय ते टेबलवार काढा, दोन मिनिटाचं काम आहे. बऱ्याचदा असं निघतं की खरा हिशेब दीड-दोन जीबीचाच असतो आणि बाकी सगळी जागा बिलांच्या स्कॅन केलेल्या फोटोंनी नाहीतर लॉगच्या टेबलानं खाल्लेली असते. फोटो काढून फोल्डरमध्ये ठेवले, टेबलात फक्त फाईलचा पत्ता ठेवला आणि जुना लॉग बाजूला केला की पुढची कितीतरी वर्षं निघतात. शिवाय एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये मर्यादा ५० जीबी केलीय, त्यामुळं नुसत्या साईजसाठी हलणाऱ्यांना तिथंच उत्तर मिळतं. फक्त आपलं सॉफ्टवेअर त्या आवृत्तीवर चालतंय का ते सॉफ्टवेअरवाल्याकडनं लिहून घ्या.

मात्र एक्सप्रेसच्या बाकी मर्यादा पण बघा. आवृत्तीप्रमाणं डेटा धरून ठेवायला साधारण १ ते १.४ जीबीच मेमरी वापरते, सर्व्हरला ३२ जीबी रॅम घातली म्हणून काही फरक पडत नाही, आणि ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारा एजंट त्यात नसतो, त्यामुळं रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावायला लागतो. तो लावलाय का? शंभरातल्या बऱ्याच ठिकाणी "लावलेला होता" असं उत्तर येतंय.

पैशाचा हिशेब, पाच वर्षांचा

एका वर्षाचा हिशेब करू नका, पाच वर्षांचा करा.

एसक्यूएल सर्व्हरची विकतची स्टँडर्ड आवृत्ती दोन पद्धतीनं मिळते. एक, सर्व्हरचं लायसन्स वेगळं आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं कॅल (वापरायचा परवाना) वेगळं. दोन, प्रोसेसरच्या कोअरवर, दोन-दोनच्या पॅकमध्ये, कमीत कमी चार कोअर. २०२२ च्या आवृत्तीचा अमेरिकेतला यादीभाव धरला तर सर्व्हर ९८९ डॉलर, कॅल २३० डॉलर, आणि दोन कोअरचा पॅक ३९४५ डॉलर. दहा मशीनच्या पेढीला पहिल्या पद्धतीनं ३२८९ डॉलर पडतात, कोअरच्या पद्धतीनं ७८९०. तीस मशीन झाली की दोन्ही बरोबरीला येतात, त्याच्या पुढं कोअर स्वस्त. आपल्याकडं डीलर वेगळा भाव देतो, जीएसटी वेगळा, पण हे तीसचं गणित ढोबळमानानं लागू पडतं. आणि एक चलाखी चालत नाही ती सांगून ठेवतो, सॉफ्टवेअर आतनं एकाच लॉगिननं डेटाबेसला जोडतं म्हणून एकच कॅल पुरेल असं नाही. मागं जेवढी माणसं वापरतात तेवढी कॅल लागतात.

ओरॅकलचं गणित वेगळ्या जातीचं. त्यांच्या यादीत स्टँडर्ड एडिशन २ प्रोसेसरच्या एका सॉकेटला १७,५०० डॉलर आहे, एंटरप्राइज प्रोसेसरला ४७,५००, आणि त्यावर दर वर्षी २२ टक्के सपोर्ट. पाच वर्षांचा २२ टक्क्यांनी गुणाकार करा, सपोर्टच मूळ किमतीच्या वर जातो. शिवाय एंटरप्राइजमध्ये डायग्नॉस्टिक पॅक, ट्यूनिंग पॅक असल्या गोष्टी आत बसलेल्याच असतात, कुणी पोरानं डेटाबेस हळू का चाललाय म्हणून सहज उघडून बघितल्या की वापर नोंदला जातो आणि लायसन्सच्या तपासणीत त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात. ओरॅकल वापरणाऱ्या संस्थेनं ही गोष्ट आपल्या आयटीवाल्याला पहिल्या दिवशी सांगावी.

आता फुकटवाल्यांचं. पोस्टग्रेसला लायसन्सचे शून्य रुपये, मायएसक्यूएलमधनंच निघालेल्या मारियाडीबीला शून्य, मायएसक्यूएलच्या कम्युनिटी आवृत्तीला शून्य. पण प्रोसिजर परत लिहायची मजुरी, डेटा साफ करायची मजुरी, रिपोर्ट परत जोडायची मजुरी आणि वर्षाचा देखभालीचा करार हे चार आकडे लिहायला लागतात. दहा मशीनच्या पेढीत लायसन्सचे वाचलेले अडीच-तीन लाख या चार आकड्यांत सहज बुडू शकतात, आणि हे कुणी सांगत नाही कारण "फुकट" शब्द ऐकला की कॅल्क्युलेटर बाजूला पडतो. कारखान्याच्या ओरॅकलला मात्र उलटं होतंय, तिथं दर वर्षीचा सपोर्टच एवढा असतो की मजुरी दोन-तीन वर्षांत वसूल व्हायची शक्यता भरपूर.

फुकट म्हंजे कुणाचं फुकट

सगळं ओपन सोर्स सारखं नसतंय, हे बघायला अर्धा तास द्या. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ ला बर्कली विद्यापीठात झाली, १९९६ पासून पोस्टग्रेसएसक्यूएल हे नाव. त्याचा मालक एक कंपनी नाही, जगभरातले लोक आणि बऱ्याच कंपन्या मिळून चालवतात आणि लायसन्स एकदम मोकळं आहे. त्यामुळं उद्या कुणीतरी एकटा उठून अटी बदलेल ही भीती फार कमी.

मायएसक्यूएलचं तसं नाही. ते २००८ ला सन कंपनीनं घेतलं, २०१० ला सनच ओरॅकलनं घेतली, म्हंजे ज्या ओरॅकलपासनं पळायचं म्हणून काही लोक मायएसक्यूएलवर जातात त्याचा मालक ओरॅकलच आहे. मूळ बनवणाऱ्यानं २००९ ला वेगळी फांदी काढली ती मारियाडीबी. आणि एकाच कंपनीच्या हातात असलं की काय होतं याची उदाहरणं ताजी आहेत, मोंगोडीबी या डेटाबेसनं २०१८ ला लायसन्स बदललं, रेडिस या दुसऱ्यानं मार्च २०२४ ला. तुम्ही आपल्याच ऑफिसात वापरत असाल तर यातल्या बऱ्याच बदलांनी तुमचं काही बिघडत नाही, पण सॉफ्टवेअर बनवून विकणारे असाल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

रात्री साडेनऊला फोन कुणाला?

विश्रामबागला वालचंद कॉलेज आहे, आजूबाजूला अजून इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, पोस्टग्रेस शिकलेली पोरं निघतातच, पण निघाली की पुण्याला जातात. गावात राहिलेला जो हार्डवेअर-नेटवर्कवाला असतो त्याला विंडोज येतं, एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ उघडून बॅकअप रिस्टोअर करता येतो. लिनक्सच्या काळ्या स्क्रीनपुढं तो बसेल का? म्हणून देखभालीचा करार आधी, डेटाबेस नंतर. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: बंद पडलं तर किती तासात माणूस हजर किंवा लाईनवर, दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून दाखवणार, आणि सगळे पासवर्ड बंद पाकिटात शेठकडं. तिसऱ्यावर काही सॉफ्टवेअरवाले तोंड वाकडं करतात. जो करतो त्याच्याकडं जाऊ नका.

पोस्टग्रेस विंडोजवर पण चालतं आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासनं लिनक्सवर पण चालतो, त्यामुळं ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस ही दोन भांडणं एकत्र करू नका.

मग घ्यायचं काय

गोल गोल न बोलता सांगतो.

सॉफ्टवेअर तयार विकत घेतलेलं असेल आणि बनवणारा म्हणत असेल की मी फक्त एसक्यूएल सर्व्हरवरच सपोर्ट देणार, तर विषय संपला. एक्सप्रेसची नवी आवृत्ती नाहीतर स्टँडर्ड घ्या. त्याच्या मर्जीविरुद्ध डेटाबेस बदलून तुम्ही दोघांच्या मधोमध लटकणार.

सॉफ्टवेअर तुमच्यासाठी लिहिलेलं असेल, सोर्स कोड तुमच्याकडं असेल आणि ते तसंही नव्यानं लिहायचं चाललं असेल, उदाहरणार्थ फॉक्सप्रोवरनं वेबवर, तर डोळे झाकून पोस्टग्रेस. नवं काम विकतच्या डेटाबेसवर सुरू करायला आज आपल्या साईजच्या धंद्याला कारण सापडत नाही. मायएसक्यूएल-मारियाडीबी वाईट नाहीत, पण हिशेबाच्या कामाला पोस्टग्रेस जास्त काटेकोर वाटतं.

चालू सॉफ्टवेअर, प्रोसिजर भरपूर, एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स आधीच विकत घेतलेलं: थांबा. नवे रिपोर्ट आणि नवं काम पोस्टग्रेसवर करा, जुनं मरेपर्यंत चालू द्या. बॅबलफिश म्हणून ॲमेझॉननं २०२१ ला ओपन सोर्स केलेलं एक जोडकाम आहे, त्यानं पोस्टग्रेस एसक्यूएल सर्व्हरची भाषा समजतं. बघायला हरकत नाही, पण सगळंच्या सगळं समजतं असं धरून तारीख ठरवू नका.

आणि दोन-तीन मशीनचं दुकान असेल तर यातलं काहीच करू नका, फक्त बॅकअप नीट लावा.

मराठी डेटा, इथं सगळ्यात जास्त वेळ जातो

इंग्रजी गाईडमध्ये हे सापडणार नाही. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्यांची नावं, गावं, मालाचं वर्णन हे बऱ्याचदा युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत) नसतंच, ते श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असतंय. म्हंजे स्क्रीनवर मराठी दिसतं पण टेबलात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा असतो. नवा डेटाबेस तो चिवडा आनंदानं जसाच्या तसा घेतो, एरर येत नाही, आणि नव्या स्क्रीनवर तो फॉन्ट नसला की दिवाणजी बोंबलतात.

तर काय करायचं? पूर्ण टेबल कन्व्हर्टरला लावू नका. प्रत्येक कॉलममधली वेगवेगळी नावं तेवढी काढा. पट्ट्या सहा लाख असल्या तरी गावं चारशे-पाचशेच असतात. ती यादी कन्व्हर्ट करा, यार्डातल्या जुन्या माणसाला वाचायला बसवा, दुरुस्त करा, आणि मग मूळ टेबलाला ती जोडा. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम वेगळा, त्यामुळं कन्व्हर्टर जोडाक्षरांत हमखास घसरतो. कॉलममध्ये निम्मं इंग्रजी निम्मं मराठी असेल तर इंग्रजी नावांचा पण चिवडा होतो, ती आधी वेगळी काढा.

युनिकोड असलं म्हणून सुटलो असं पण नाही. 'कऱ्हाड' घ्या. यातला ऱ्ह दोन तऱ्हेनं टाईप होतो: एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात पण डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द. मग गाववार रिपोर्ट काढला की कऱ्हाड दोनदा येतं, एकीकडं ८० शेतकरी, दुसरीकडं १२, आणि तिसऱ्या ओळीला कुणीतरी 'कराड' लिहिलेलं असतंयच. दिवाणजीला वाटतं कॉम्प्युटर खुळा झाला. गोऱ्हे, कुऱ्हाडे, दऱ्या सगळ्यांचं हेच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर एकाच रूपात आणणं) लावून हे मिटत नाही, एक रूप ठरवून दुसरं सगळीकडं बदलून घ्यायला लागतं, आणि गावाला कोड नंबर देऊन टाका म्हंजे परत टायपिंगचा प्रश्नच नको.

अजून तीन खड्डे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम साध्या व्हारचार या मजकुराच्या प्रकारचा असेल तर देवनागरी टाकल्यावर नुसती प्रश्नचिन्हं साठतात, आणि जी प्रश्नचिन्हं झाली ती गेली, कुठलाही डेटाबेस ती परत आणणार नाही, त्यामुळं जुन्या कागदावरनं भरायची तयारी ठेवा. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर कॉलमची लांबी बाईटमध्ये मोजली जाते, देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाईटचं, म्हंजे ५० च्या कॉलममध्ये जेमतेम १६ चिन्हं बसतात आणि काना-मात्रा पण त्यातच मोजल्या जातात. पोस्टग्रेस चिन्हं मोजतं, तिथं हा ताप नाही. तिसरं, मराठी क्रमवारी. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूचं मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) मिळतं, ते नावाच्या कॉलमला लावून टाका, नाहीतर यादी मराठी माणसाला पटेल अशा क्रमानं लागेलच असं नाही.

तालीम

हरिपूरची हळदीची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) तुम्हाला माहीतच आहेत, उघडलं की लगेच कुणी आत उडी टाकत नाही. तसंच इथं, खऱ्या दिवसाच्या आधी कमीत कमी दोन वेळा पूर्ण डेटा नव्या मशीनवर चढवून बघा. पीजीलोडर हे ओपन सोर्स साधन एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलीतनं डेटा उचलून पोस्टग्रेसमध्ये टाकतं. ओरॅकलसाठी ओराटूपीजी, ते तर प्रोसिजर बघून काम किती अवघड आहे याचा अंदाजपण काढून देतं. हा अंदाज ठेकेदाराचं कोटेशन यायच्या आधी स्वतः काढून ठेवा, बोलणी करताना फार उपयोगी पडतो.

तालमीत काय फुटतं ते ठरलेलं आहे. एसक्यूएल सर्व्हर सहसा लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच धरतो, पोस्टग्रेस धरत नाही. गाडी नंबर कुणी 'एमएच १०' मोठ्या लिपीत टाकलाय, कुणी लहान, जुन्यात शोधलं की दोन्ही सापडत होते, नव्यात एकच सापडतो. नंबरच्या मागं चुकून स्पेस राहिली असेल तर जुनं त्याकडं दुर्लक्ष करायचं, नवं करत नाही. म्हणून चढवतानाच गाडी नंबर, जीएसटी नंबर, पॅन सगळे मोठ्या अक्षरात आणि मागची स्पेस कापून घ्या. ओरॅकलवाल्यांना उलटा झटका बसतो, तिथं रिकामं लिहिलेलं आणि काहीच न लिहिलेलं हे एकच असतं, पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी, त्यामुळं 'मोबाईल नंबर नसलेले शेतकरी' ही यादी अचानक अर्धी होते.

आणि रक्कम. पैशाचा प्रत्येक कॉलम न्यूमरिक (आकडा तंतोतंत ठेवणाऱ्या) प्रकारातच घ्या. फ्लोट (आकडा अंदाजे ठेवणाऱ्या) प्रकारात गेला तर राऊंड करताना अडचण येते, पोस्टग्रेसमध्ये न्यूमरिकचा २.५ राऊंड केला की ३ होतो, फ्लोटचा बहुतेक ठिकाणी २ होतो. एका पोत्याच्या हमालीत हे कुणाला दिसत नाही, हजार पोत्यांच्या वक्कलात (मालाच्या लॉटमध्ये) पट्टीची बेरीज हलते आणि शेतकरी पट्टी घेऊन काऊंटरवर उभा राहतो.

मेळ लागला का

किती ओळी गेल्या ते मोजून 'झालं' म्हणणारा ठेकेदार असेल तर पेमेंट थांबवा. ओळी बरोबर असून पण रकमा चुकलेल्या असतात. मेळ असा घ्या: मागच्या प्रत्येक ३१ मार्चचा ट्रायल बॅलन्स जुन्या सिस्टीममधनं आणि नव्यामधनं काढा, पैशापर्यंत जुळला पाहिजे. मग प्रत्येक पार्टीची बाकी, शेतकरी आणि खरेदीदार दोन्ही. मग स्टॉक, पोती आणि क्विंटल. मग एक महिना निवडून जीएसटीचे आकडे, भरलेल्या रिटर्नशी जुळतात का. शेवटी पन्नासेक जुन्या पट्ट्या छापा आणि दिवाणजीला मूळ प्रतींशेजारी ठेवून बघायला द्या, त्यात सेस, तोलाई, हमाली ओळवार बघायची. दिवाणजीला हे काम देताना चहा-नाष्टा नीट करा, कारण खरा तपासनीस तोच आहे, आणि पहिल्यापासनं त्याला बरोबर घेतलं नाही तर नवी सिस्टीम कितीही चांगली असली तरी चालणार नाही.

कधी हलवायचं

हळद आणि बेदाण्याचा माल फेब्रुवारीपासनं जोरात यायला लागतो, उन्हाळ्यात सौदे, त्यामुळं जानेवारी ते मे हात लावू नका. मार्चअखेर त्यातच येतो. जुलै-ऑगस्ट कृष्णेचा भरवसा नाही. म्हणून यार्डातल्या पेढीला दिवाळी झाल्यावरचा नोव्हेंबर-डिसेंबर बरा. साखर कारखान्याला नेमकं ते चालत नाही, गाळप सुरू असतं, त्यांनी हंगाम संपल्यावर करावं. महिन्यातले ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस जीएसटी रिटर्नचे, ते सोडा. शनिवारी दुपारी सौदे संपल्यावर जुनं बंद करून रविवारी चढवणं, मेळ घेणं, सोमवारी नव्यावर. सोमवारी दुपारी बारापर्यंत अमुक अमुक चाललं नाही तर परत जुन्यावर, ही रेषा आधी कागदावर लिहा. एकदा मंगळवारपर्यंतच्या पट्ट्या नव्यात पडल्या की परत फिरणं फार महाग पडतं.

दोन्ही सिस्टीम महिनाभर एकदम चालवा असा सल्ला देणारे भेटतील. ऐकायला छान वाटतं, पण दोनदा एंट्री कोण करणार? तिसऱ्या दिवशी एकीकडचं राहतं. त्यापेक्षा तालीम नीट करा.

बॅकअप आणि जुना सर्व्हर

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ ला परत पूर. ज्यांचा सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एक प्रत ऑफिसात, एक वरच्या भागात दुसऱ्या इमारतीत, एक क्लाऊडवर. मोठ्या क्लाऊड कंपन्यांची डेटा सेंटर मुंबई-पुण्यात आहेत, महिन्याचा खर्च किरकोळ. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियम २०२२ पासनं आहे, आणि एप्रिल २०२३ पासनं एंट्री कुणी कधी बदलली याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये राहायला लागते. ती नोंद बंद करता येता कामा नये. नवं सॉफ्टवेअर घेताना हे विचाराच.

पोस्टग्रेसमध्ये रात्रीचा पीजी-डंप (सगळ्या डेटाची एक प्रत काढणं) हा पहिला टप्पा, पण त्यानं दिवसभराच्या पट्ट्या वाचत नाहीत. म्हणून वॉल आर्काइव्ह (प्रत्येक बदलाची नोंद लगोलग बाजूला साठवणं) चालू करून घ्या, म्हंजे दुपारी तीनला डिस्क गेली तरी तीनच्या अगदी जवळपर्यंत परत येता येतं. पीजीबॅकरेस्ट या साधनानं हे सोपं होतं. क्लाऊडवरची एक प्रत अशी ठेवा की ऑफिसच्या लॉगिननं ती पुसता येणार नाही, कारण रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की ते जोडलेली डिस्क पण कुलूपबंद करतं.

आणि जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासनं ७२ महिने, कंपनीची हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवायला लागतात, आणि मेळात न दिसलेला एखादा प्रश्न पहिल्या ३१ मार्चला वर येतोच. जुन्या डेटाबेसमध्ये सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवा, लिहायची काढून घ्या. विकतचा डेटाबेस असेल तर सपोर्ट बंद करायच्या आधी सगळी टेबलं सीएसव्हीत (कुठंही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाईलीत) काढून, त्यांची रचना एका फाईलमध्ये लिहून, तिन्ही ठिकाणच्या बॅकअपमध्ये टाका, म्हंजे उद्या तपासणीला जुनं बिल मागितलं तर त्या एका बिलासाठी लायसन्स चालू ठेवायला लागणार नाही.